सोडलेल्या माशाचा फोटो नसतो

अन्याय झाला तो आमच्या फोटोवाल्यावर. २००७ साली, होळीनंतरच्या पहिल्या रविवारी, मुळशीतल्या एका डोहात काही माणसांनी जिलेटिनच्या कांड्या टाकल्या. आणि त्याच आठवड्यात, ज्याने त्या डोहातला एक मासाही कधी घरी नेला नव्हता, त्यालाच मासे मारणारा ठरवण्यात आलं. त्याचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण अजून मिटलेलं नाही. डोहाचं नावही लिहीत नाही. का, ते पुढे कळेलच.

"आधी हात ओले करा."

हे त्याचं वाक्य. पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाला तो ते ऐकवायचा, मग समोर ऑफिसचा मोठा साहेब असो की साहेबाची मेहुणी. कोरड्या हाताने धरलं की माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून येतो. मग तिथे बुरशी धरते आणि काही दिवसांनी मासा मरतो. "तुमच्यासमोर नाही मरत," तो म्हणायचा. "तुमी फोटो घेऊन घरी गेल्यावर मरते. म्हणून तुमाले वाटते, आपण लय दयाळू."

तो भंडाऱ्याकडचा, तलावांच्या मुलखातला. नोकरी हिंजवडीत कॉम्प्युटरवर, राहायला जांब्यात भाड्याची खोली. आठवडाभर चेहरा उतरलेला, आणि शनिवारी पहाटे मोटारसायकलला गळाची काठी बांधून मुळशीकडे निघाला की तोच माणूस शीळ घालायचा. बेसूर घालायचा, तेही सांगून ठेवते.

माझी त्याची ओळख पौडच्या एसटी स्टँडवर झाली. मी तेव्हा कॉलेजात होते आणि आमच्या नदी बचाव गटाची पत्रकं वाटत होते. 'ओढ्यात, डोहात सुरुंग लावून मासे मारणाऱ्यांना जाब विचारा!' असं मोठ्या अक्षरांत, आणि खाली दोरीला लटकवलेल्या माशांचा फोटो. लोक पत्रक घेतात, चार पावलं जातात आणि त्यात भजी गुंडाळतात, हे मला माहीत होतं. या माणसाने गाडी थांबवून अख्खं पत्रक उभ्याने वाचलं.

"मजकूर चांगला आहे ताई. पण फोटो काहून असा?"

"कसा?"

"मेलेला. मेलेल्या माशाची कोणाले दया नाही येत बाप्पा. भूक लागते."

शेजारी तंबाखू मळत उभा असलेला कंडक्टर खो-खो हसला. "खरंय ताई. मला मगाशी रस्साच आठवला."

मला राग आला. पण पुढच्या शनिवारी मी त्याच्या मोटारसायकलमागे माझी लूना काढली आणि डोह पाहायला गेले.

तो डोह एका वाडीच्या खालच्या अंगाला, डोंगराच्या घडीत होता. रस्त्यावरून दिसत नसे. त्यात महशीर मासे होते. सोन्यासारखे खवले, जाड ओठ, आणि आपल्याकडे बघताना थोडा तुच्छतेचा भाव. वाडीची एक रीत होती. होळी झाली की पहिला पाऊस होईपर्यंत त्या डोहात कोणी गळ टाकायचा नाही, जाळं लावायचं नाही. उन्हाळ्यात ओढा तुटतो, वरचे खालचे सगळे मासे त्या एवढ्याशा पाण्यात येऊन राहतात. घरात शिरलेल्या पाहुण्याला कोणी मारत नाही, एवढं साधं. फोटोवाल्यानेही ती रीत पाळली. होळीच्या आदल्या शनिवारी तो काठी गुंडाळायचा, ती पावसाळ्यापर्यंत उघडायचा नाही.

त्याचं काम बघण्यासारखं होतं. गळाचा उलटा काटा तो आधीच पक्कडीने दाबून टाकायचा, म्हणजे गळ तोंडातून सहज सुटतो. मासा आला की तो पाण्यातच, जाळीत ठेवायचा. कॅमेरा, ऊन, उभं राहायची जागा, सगळं ठरेपर्यंत मासा वर नाही. मग तो छाती भरून श्वास घ्यायचा, गाल फुगवायचा आणि मान हलवायचा. मासा धरणाऱ्याने तेव्हा तो पाण्याच्या जेमतेम वर उचलायचा. फोटोवाल्याचा श्वास संपला की मासा खाली. फोटो आला तर आला.

"तुमचा श्वास संपला म्हणजे त्याचा कवाच संपला," तो म्हणायचा.

"फुगून फुगून फुटशीला यक दिस," मासा धरणारी मावशी म्हणायची.

ही मावशी वाडीतली. मासा धरायचं काम तिच्याकडे आलं, कारण शनिवारचे पाहुणे एक तर मासा आवळायचे, नाहीतर पाडायचे. फोटोवाल्याच्या ऑफिसातले, ओळखीतले लोक हौसेने यायचे. काळा गॉगल, नवीकोरी टोपी, खिशात तीन प्रकारची क्रीमं. त्यांतल्या एकाने मासा डोक्यावर धरायचा हट्ट धरला.

"सर, एकच! असा वरती, ट्रॉफीसारखा!"

"ट्रॉफीले जीव नसते. खाली घे."

"अरे यार, दोन तास ड्राइव्ह करून आलोय!"

"मासा तर जन्मापासून इथंच आहे. त्यानं काय करावं?" म्हणत त्याने मासा स्वतःच्या हातात घेतला आणि सोडून दिला. फोटोविनाच. गॉगलवाला घरी जाईपर्यंत रुसला होता. पुढच्या महिन्यात मात्र तोच सगळ्यांच्या आधी हात ओले करून उभा.

सोडायची पद्धतही तशीच. कॅमेरा काठावर ठेवायचा, गुडघ्यावर बसायचं, माशाचं तोंड वाहत्या पाण्याकडे करून दोन्ही हातांनी आधार द्यायचा. त्याला दम आला की तो आपला आपण निघून जातो, जाताना शेपटीने पाणी उडवतो. पाहुणे टाळ्या वाजवायचे. अशा वेळी फोटो कोणी काढत नसे. दोन्ही हात माशाखाली असले की कॅमेरा कुठून धरणार?

आणि एक नियम. "डोंगर नोको." त्याच्या फोटोत मासा असायचा, पाणी असायचं, हात असायचे. मागे कडा नाही, झाड नाही, ओळखू येईल असा खडक नाही. भीती त्यालाही होतीच. समोरच्या डोंगरउतारावर शनिवार-रविवारच्या बंगल्यांसाठी रस्ता फोडणं चालू होतं. दुपारी तिकडे सुरुंग उडाला की इकडे डोहाच्या पाण्यावर काटा यायचा आणि वर आलेले मासे एकदम तळाला जायचे. रस्त्याला आलेल्या कांड्या रस्त्यालाच लागतात असं नाही. खालच्या बाजूचे दोन डोह आधीच गेले होते. एका सकाळी मासे, दुसऱ्या सकाळी नुसतं गढूळ पाणी. हा राहिला होता, तो कोणाला माहीत नव्हता म्हणून.

मावशी सुरुंगाच्या आवाजाकडे पाठ करून बसायची. "आवाज जवळ याया लागलाय," एकदा ती म्हणाली. फोटोवाला म्हणाला, "रस्ता तिकडूनच वळते मावशी, इकडे नाही येत."

"रस्ता न्हाई म्हनले मी," मावशी म्हणाली.

२००६च्या पावसाळ्यानंतर त्याने एक फोटो काढला. मी त्याचे शंभरेक फोटो पाहिले असतील, हा सगळ्यांत चांगला. महशीर अगदी जवळून, डोळा जिवंत, खवल्यांवरून पाणी निथळतंय, आणि खाली दोन ओले हात, नुसते आधाराला ठेवलेले. पुण्यात हौशी फोटोग्राफरांच्या प्रदर्शनात तो लागला. लावायच्या आधी त्याने मला दाखवला. "यावरून कोणी डोह शोधून दाखवावा!" मी कासार आंबोलीची, खोरं मला नवीन नाही. मीही डोळ्यांत तेल घालून पाहिलं. डोंगर नाही, झाड नाही, खडक नाही. काहीच सापडलं नाही.

दिवाळी झाली आणि पौडच्या पुढच्या वळणावर बंगलेवाल्या कंपनीचा बोर्ड उभा राहिला. 'शनिवारी गळ टाका, रविवारी घर घ्या!' आणि बोर्डभर तोच फोटो. प्रदर्शनातून उचललेला. विचारणं नाही, सांगणं नाही.

आठवड्याच्या बाजाराला मावशी वडापच्या जीपमधून पौडला निघाली होती. वळणावर जीप आली आणि मागून कोणीतरी ओरडलं, "आगं मावशे, त्यो तुजा हात न्हाई का? त्यो बग, अर्धा इच्चू!"

मावशीच्या उजव्या मनगटावर विंचू गोंदलेला आहे, पण त्याला नांगी नाही. लहानपणी सुई टोचायला लागल्यावर ती गोंदणारणीच्या हातातून सुटून पळाली, ती परत बसलीच नाही. ही गोष्ट त्या खोऱ्यातल्या लग्नाकार्यांत सांगून सांगून झिजली होती. आता तो बिननांगीचा विंचू बैलगाडीएवढा होऊन वळणावर उभा होता. जीपभर हसू झालं. मावशीही हसली. पौड येईस्तोवर तिचं हसू गेलं.

"बोर्डावरचा मासा कुनीच बगितला न्हाई गं," ती मला म्हणाली. "समद्यांनी हातच बगितला."

पुण्याच्या माणसाला तो नुसता हात होता. खोऱ्यातल्या माणसाला ते घर होतं, आणि घराखालचं पाणी.

मी फोटोवाल्याला घेऊन वळणावर गेले. हेल्मेट न काढताच तो उभा राहिला. बोर्डाकडे बघत म्हणाला, "डोंगर काढला, झाड काढलं, दगड काढला. हात राह्यला."

कंपनीच्या ऑफिसात आम्ही दोघं गेलो. तिथला टायवाला हसून म्हणाला, "अहो, तुमच्या फोटोला एवढी फुकट प्रसिद्धी मिळाली, आणि तक्रार कसली?" मग फोटोवाल्याने स्वतःच शिडी आणून भर दुपारी त्या मनगटावर चिखल फासला. खालून जाणारे लोक विचारत होते, "काय भाऊ, निवडणूक हाय का?" पुढच्या आठवड्यात कंपनीने बोर्ड धुऊन काढला. विंचू आधीपेक्षा उजळ दिसायला लागला.

संक्रांतीनंतर वाडीत एक जीप आली. दोन माणसं उतरली आणि मावशीच्या दारात पाणी मागितलं. तिने तांब्या पुढे केला.

"पानी घेताना मानूस तोंडाकडं बगतंय," मावशी सांगत होती. "ह्ये हाताकडं बगत हुते. आन् पानी प्यालेच न्हाईत. तांब्या तसाच ठिवला."

एवढंच झालं. जीप निघून गेली. ओरडून सांगावं असं काही घडलंच नव्हतं. पण त्या दिवसापासून वाडीतली माणसं डोहाकडे जाताना बोलेनाशी झाली.

होळी झाली. ओढा तुटला, मासे डोहात येऊन राहिले. जास्तीत जास्त मासे आणि कमीत कमी पाणी. वाडीला जे दिवस मासे राखायचे वाटायचे, तेच दिवस मारणाऱ्यांच्या सोयीचे. फोटोवाला आधीच काठी गुंडाळून जांब्याला गेला होता.

त्या रविवारी सकाळी वाडीने आवाज ऐकला. रविवारी रस्त्याचं काम बंद असतं, त्यामुळे कोणाला काही विचारावं लागलं नाही. माणसं खाली धावली तोवर मोठे मासे पोत्यांत भरून जीप वर चढत होती. मी पोचले तेव्हा डोहभर पांढरी पोटं तरंगत होती, न्यायच्या लायकीचे न वाटलेल्या लहान माशांची.

निरोप मिळताच दुपारी फोटोवाला आला. बूट न काढता पाण्यात उतरला. खाली वाकून त्याने हात ओले केले, आणि मग पहिला मेलेला मासा उचलला.

"फोटो काढा!" मी ओरडले. "पुरावा लागेल!"

तो मासे काठावर आणून ठेवत राहिला. एकामागून एक, ओळीने. कॅमेरा गाडीच्या पिशवीतून बाहेर आलाच नाही.

सोमवारी आम्ही तिघं पौडच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला गेलो. तो, मावशी आणि मी. डोहात किती मोठे महशीर होते हे कळावं म्हणून त्याने आपले फोटो नेले आणि साहेबांच्या टेबलावर मांडले. मी आजही म्हणते, त्या टेबलावर त्या दिवशी जगातलं सगळ्यांत प्रामाणिक काम मांडलेलं होतं.

साहेबांनी एकेक फोटो निरखून पाहिला. "छान काढता. हे सगळे मासे तुम्ही पकडले?"

"पकडले आणि सोडले."

"पकडलेले दिसतायत. सोडलेला दाखवा."

फोटोवाल्याने टेबलावरचे फोटो बाजूला सारले. मग खालून एक फोटो काढून त्याने पुढे ठेवला. हलल्यामुळे पुसट आलेला. नुसतं पाणी, आणि पाण्यावर एक वर्तुळ. काठावरून कोणीतरी पाहुण्याने चुकून बटण दाबलं होतं.

"यात मासा कुठाय?"

"गेला."

खोलीतले शिपाई हसायला लागले. "साहेब, पाण्याचा फोटो आणलाय पाण्याचा!"

साहेब हसले नाहीत. त्यांच्यापुढे बाहेरगावचा एक माणूस होता. डोह माहीत असलेला, तिथे वर्षानुवर्षं मासे पकडणारा, कंपनीचा बोर्ड खराब केलेला. त्या रविवारी सकाळी तू कुठे होतास, तर म्हणे जांब्याच्या खोलीत, एकटा, कपडे धूत. जीपवाले कोण, कांड्या कुठून आल्या, हे शोधण्यापेक्षा समोर बसलेला माणूस जवळ होता.

तेव्हा मावशी उठली. "म्या सोडलेत मासे. ह्याच हातानं."

तिने मनगट टेबलावर ठेवलं. शेजारीच मोठा फोटो होता. एक विंचू कागदावरचा, एक कातडीवरचा. साहेबांनी दोन्हींकडे पाहिलं. "बरं झालं सांगितलंत. मग मावशी, तुमचंही नाव लिहितो."

"लिवा की."

"नाही," फोटोवाला म्हणाला. इतक्या जोरात मी त्याला कधी बोलताना ऐकलं नव्हतं. "फोटोतला हात कोणाचा, मले आठवत नाही. या बाईंचा नाही."

"आवं, आसं काय करताय!" मावशी म्हणाली. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

सगळ्यांना दिसत होतं. साहेबांना दिसत होतं, शिपायांना दिसत होतं, भिंतीवरच्या पालीला दिसत असेल. साहेब म्हणाले, "असं? म्हणजे तुम्ही एकटेच." आणि लिहायला घेतलं. तक्रारदार म्हणून आत गेलेला माणूस आरोपी म्हणून बाहेर आला.

आता साक्षीदार हवे होते. त्याच्याबरोबर पाण्यात उभे राहिलेले, मासा सुटताना टाळ्या वाजवलेले लोक काय थोडे होते? मी हिंजवडीच्या गेटवर उभी राहिले, जांब्यात जिने चढले. सगळे हळहळले. "मॅडम, आय फील फॉर हिम. पण माझं ऑनसाइटला, परदेशी जायचं चाललंय, पोलीस व्हेरिफिकेशन असतं." महाळुंग्याच्या नव्या फ्लॅटमध्ये तो गॉगलवाला भेटला. सोफ्याच्या वर भिंतीवर त्याचा फोटो, हातात महशीर, ओले हात, तोंडभर हसू. त्या फोटोखाली बसून तो मला म्हणाला, "मला नीटसं आठवत नाही."

त्याची बायको कॉफी घेऊन आली होती. "अहो, असं काय? तुम्हीच नाही का सांगत, सोडताना शेपटीने तोंडावर पाणी उडवलं म्हणून?"

"तू आत जा," तो म्हणाला.

कॉफी मी प्यायले नाही.

फोटोवाल्याची नोकरी गेली. पावसाळ्यापर्यंत तो जांब्यातच होता. मावशीने पाठवलेले तांदूळ परत पाठवायचा, वाडीकडे फिरकायचा नाही. तिच्याशी ओळख दिसायला नको म्हणून. मग एक दिवस खोलीला दुसऱ्याच कोणाचं कुलूप. घरमालकीण म्हणाली, गावी गेला. मी गावी फोन लावला. म्हातारे वडील म्हणाले, "इकडे तं नाही आला बाप्पा. तिकडंच आहे ना तो?"  त्यानंतर दोन वर्षं झाली. तारखा पडतात, नाव पुकारतात, कोणी उभं राहत नाही. आता फरारी म्हणतात त्याला.

डोह आहे. पाणी स्वच्छ दिसतं, इतकं की तळाचे दगड मोजावेत. त्यात हलत काही नाही. समोर बंगले उभे राहिलेत. अनोळखी माणसाला पाणी देताना मावशी आता पदर मनगटावर ओढून घेते.

हे वाचणाऱ्यांनो, तुमच्यातले काही जण त्या पाण्यात उभे होते. तुम्हाला मी ओळखते आणि तुम्ही स्वतःला ओळखता. भिंतीवरचा तो फोटो उतरवा. तो घेऊन पौडला या. साहेबांच्या टेबलावर ठेवा आणि स्वतःचं नाव सांगून एवढंच बोला: मी तिथे होतो, आणि मासा जिवंत गेला.